गटारीत ओतलेल्या गोळ्या

मोतीराम जाधव या नावानं आलेला माणूस खुर्चीत टेकला, मास्क हनुवटीखाली ओढून घटाघटा पाणी प्यायला, आणि अंगदच्या हातातला पेन जागच्या जागी थांबला. त्या माणसाचं नाव मोतीराम नव्हतं. त्याचं खरं नाव कारभारी. वाळूजच्या कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार. गारखेड्यात त्याचं दुमजली घर होतं, पैठणकडं बारमाही पाण्याची शेती होती, आणि चार वर्षांपूर्वी त्यानं अंगदचं जे केलं होतं ते अंगद एक दिवससुद्धा विसरला नव्हता.

कारभारी मात्र विसरला होता. त्यानं अंगदकडं पाहिलं, नजर चष्म्यावरून दाढीवर आली आणि तशीच भिंतीकडं निघून गेली. ओळखीचं काही तिच्यात उमटलं नाही.

"भाऊ, लवकर उरका जरा," तो म्हणाला. "खाली गाडी लावलीय."

उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं हे केंद्र होतं. ज्या पुरुषांना पुरुष आवडतात, मग ते लग्नाचे असोत की बिनलग्नाचे, ते इथं येऊन रक्त तपासून घ्यायचे आणि गोळी न्यायचे. प्रेप म्हणतात तिला. झालेल्या एचआयव्हीचा इलाज म्हणून नाही, तर तो होऊच नये म्हणून रोज एक घ्यायची. दर तीन महिन्यांनी तपासणी, ती चांगली आली की पुढची गोळी. केंद्र योगिनीताईंच्या हाती होतं. माणसांशी बोलायचं काम त्यांचं. फॉर्म भरणं, डब्या देणं आणि जे येईनासे झाले त्यांना फोन करणं, हे अंगदचं.

"ही गोळी आधी घेतलीय का?" अंगदनं फॉर्मवर नजर ठेवून विचारलं.

"व्हय. पाच वर्षं झाली. पुण्याचा डॉक्टर होता, ऑफिसवर कुरिअरनं पाठवायचा. तो गेला परदेशात."

"पाच वर्षांत खंड नाय पडला?"

"कामून पडंल? ड्रॉवरमधी असते. सकाळी च्याबरोबर एक टाकायची तोंडात. त्यात काय अवघड हाय?"

अंगदनं पाचचा आकडा लिहिला आणि त्याकडं बघत राहिला. पाच वर्षं. आणि कंपनीच्या गेटवरची ती गोष्ट चार वर्षांपूर्वीची. म्हणजे ही गोळी कशाची ते त्या दिवशी याला ठाऊक होतं. अगदी पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळीसुद्धा यानं चहाबरोबर तीच गोळी गिळलेली असणार.

अंगद पिशोरजवळच्या वस्तीवरचा. घरी बापजाद्यांपासून मेंढरं. बारावी करून तो वाळूजला आला, कारभारीच्या माणसांत लागला आणि रांजणगावच्या एका खोलीत सातजणांबरोबर राहू लागला. सातजणांत एक पंखा, एक खुंटी आणि बिनकुलपाच्या पत्र्याच्या पेट्या. कुणाचा साबणही स्वतःचा राहायचा नाही. केंद्रातून आणलेली याच गोळीची पांढरी डबी तिथं ठेवायची कुठं? म्हणून तो ती डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवायचा. केंद्र दहा ते पाच उघडं. फस्ट शिफ्ट साडेतीनला सुटायची आणि उस्मानपुऱ्यात पोचेपर्यंत पाच वाजून जायचे. तेव्हा डबी महिन्याचीच मिळायची, मग दर महिन्याला एक खाडा करायचा आणि आजारी आईचं निमित्त सांगायचं. हे सगळं करून त्यानं आठ महिने एक गोळी चुकवली नव्हती. त्याला त्याचा अभिमान होता.

मग एका सकाळी गेटवर झडती निघाली. कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेली होती. वॉचमननं पिशवी उपडी केली आणि डबी घरंगळत कारभारीच्या बुटापाशी गेली. कारभारीनं ती उचलली. लेबल वाचलं. अंगदला आता आठवत होतं, की लेबल वाचल्यावर तो क्षणभर गप्प झाला होता. तेव्हा अंगदला वाटलं होतं, वाचता येत नसंल इंग्रजी.

"एड्सची गोळी हाय ही," कारभारी साठ माणसांपुढं मोठ्यानं म्हणाला होता. "ह्यो तुमच्या ताटात जेवतोय, म्हाईत हाय का?"

"नाय शेठ, ही होऊ नये म्हणून..." अंगद म्हणत राहिला. कोण ऐकतो! कारभारीनं झाकण काढलं आणि डबी गेटशेजारच्या गटारीत पालथी केली. "उद्यापासून तोंड दाखवू नको." संध्याकाळपर्यंत अंगदचं अंथरूण खोलीबाहेर पडलं होतं. कारभारीनं त्याच्या चुलत्याला फोनही केला होता, कारण कामावर लावताना चुलत्याचाच नंबर लिहून घेतला होता.

वस्तीवर त्याची आई, सुगंधाबाई, त्याचं ताट वेगळं मांडू लागली आणि मांडताना पदर डोळ्याला लावू लागली. तो तीन महिने मेंढरांमागं हिंडला. संभाजीनगरला जायचं म्हटलं की चुलता विचारायचा, "कशापायी? आणखी घाण करायला?" गोळी बंद पडली ती पडलीच. दिवाळीनंतर तो भांडून शहरात परत आला. गोळी पुन्हा चालू करायची तर आधी तपासणी, आणि केंद्रात जायला त्याला लाज वाटत होती. त्या दिवसांत एका जुन्या ओळखीच्या माणसानं त्याला जवळ घेतलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी त्याला हात लावला होता. तो नाही म्हणू शकला नाही. जानेवारीत रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

आता त्याची सरकारी दवाखान्यातली औषधं नीट चालू होती, तब्येत सुधारली होती, विषाणू रक्तात सापडत नव्हता. योगिनीताईंनीच त्याला काम दिलं होतं. पण साठ माणसांपुढचं ते गटार त्याच्या आत वाहतच होतं. कारभारीला एकदा त्याच जागी उभं करायचं, हे त्यानं कधीचं ठरवून ठेवलं होतं. कसं, ते सापडत नव्हतं. आणि आज तो स्वतःच्या पायानं जिना चढून आला होता.

त्याचं नाव बाहेर फोडणं सोपं होतं. एक फोन, एक मेसेज. पण कामावर रुजू होताना अंगदनं कागदावर सही केली होती, की इथं आलेल्या माणसाचं नाव मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. आणि ती सही त्याला पवित्र होती, कारण त्याचं स्वतःचं नाव कुणीतरी असंच फोडलं होतं. मग त्यानं दुसरी वाट धरली.

"साहेब, तीन महिन्यांच्या डब्या एकदम मिळायच्या नायत," तो म्हणाला. मिळत होत्या. "महिन्याला एक. दहा ते पाच. स्वतः यायचं."

"कुरिअरनं?"

"जमत नाय."

पहिल्या महिन्यात कारभारी आला तेव्हा अंगदनं त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिथून झेरॉक्सला येणारी-जाणारी सगळी पोरं दिसतात आणि त्यांना आपण दिसतो. पाऊण तास. मग दारात येऊन खणखणीत आवाजात हाक मारली, "मोतीराम जाधव, गोळीवाले!" कारभारी ताडकन उठला. कानशिलावरून घाम ओघळत होता. अंगदला वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं तसं काहीतरी आपल्या आत उतरलं.

दुसऱ्या महिन्यात त्याला सांगितलं, रिपोर्ट आला नाही, उद्या या. उद्या आला, तर सांगितलं, ताई बाहेर गेल्यात, चारनंतर या. त्या दिवशी कारभारीला तिथूनच कुणाला तरी फोनवर थाप मारावी लागली. "आईला दवाखान्यात आणलंय," तो हळूच म्हणत होता. अंगद शेजारच्या टेबलावर डब्या लावत ऐकत होता. हीच थाप. शब्दाला शब्द. तो मनात म्हणाला, शिक आता. ड्रॉवरमधून तोंडात टाकायची म्हणतोस ना? शिक, लोक कुठून कुठून येतात ते.

तिसऱ्या महिन्यात कारभारी आलाच नाही.

रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं लाल खूण झाली. दहा दिवस. पंधरा. अंगदचं काम होतं फोन करायचं. त्यानं फोन केला नाही. "फोन लागला नाही" असं तीनदा लिहिलं, तीन वेगळ्या तारखांना, तीन वेगळ्या पेनांनी. चाळीस दिवस झाले. घरी जाताना त्याला शीळ घालावीशी वाटायची.

आठवड्याच्या बैठकीत योगिनीताईंनी गळतीची यादी काढली. गोळी सोडून गेलेले बाराजण होते.

"अकराजण वाळूज, रांजणगाव, चिकलठाण्याचे," त्या चष्मा वर सारत म्हणाल्या. "शिफ्टवाले, खोली वाटून राहणारे. त्यांचं कारण मला कळतं, आपल्या वेळाच त्यांच्या नाहीत. वरच्या लोकांना मात्र वाटतं हे बेफिकीर आहेत. हा बारावा कोण? मोतीराम. गाडी आहे, स्वतःचं घर आहे, पाच वर्षं एक दिवस खंड नाही. आणि आपल्याकडं येऊन दोन महिन्यांत गळला. अंगद, असं कसं रे?"

"फोन लागत नाय ताई."

"लग्नाचा आहे हा," ताई फॉर्म उलटत म्हणाल्या. "बायकोसाठी घेतो असं मला म्हणाला होता. तिला काही व्हायला नको म्हणून. रडला होता त्या दिवशी."

ते अंगदला माहीत नव्हतं. बायको ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. गेटवरच्या साठजणांत ती नव्हती.

शनिवारी तो गारखेड्यात गेला. का जातोय हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. फॉर्मवर पत्ता खोटा होता, पण ठेकेदाराचं घर कामगारांना माहीत असतंच. फाटकापाशी एक बाई कुंडीतल्या तुळशीची वाळकी पानं खुडत होती. चाळिशीची, अंगानं बारीक, केसांत पांढरं.

"शेठ हायत का? कामाचं बोलायचं होतं."

"येतीलच. बसा ना भाऊ. लई ऊन हाय." तिनं व्हरांड्यात खुर्ची ओढून दिली, तांब्याभर पाणी आणलं. "मी मंजुषा. कुठल्या गावचे तुम्ही?"

"पिशोर."

"अगं बाई! मपलं माहेर कन्नडचं की!" तिला एवढा आनंद झाला की ती तिथंच पायरीवर बसली. बाजाराच्या गोष्टी सांगू लागली. मग म्हणाली, चहा ठेवते, आणि अंगदनं प्यायलेला तांब्या हातानं उचलून आत घेऊन गेली. अंगद तिच्या पाठीकडं बघत राहिला. तीन पेनांनी लिहिलेल्या तीन ओळी त्याला आठवल्या.

तेवढ्यात गाडी आली. कारभारी उतरला आणि व्हरांड्यात बसलेला केंद्रातला माणूस बघून त्याचा चेहरा मेणासारखा झाला.

"तू... तुम्ही इथं कशाला आलात?" तो दबक्या आवाजात म्हणाला. एक डोळा स्वयंपाकघराकडं. "असं घरी येतात का?"

"शेठ, मला ओळखलं नाय तुम्ही." अंगद उभा राहिला. "अंगद. गेट नंबर दोन. तारेची चोरी झाली होती, तव्हाची झडती. भाकरीच्या फडक्यातली पांढरी डबी."

कारभारीनं गाडीच्या टपाला हात टेकला.

"त्याच गोळ्या," अंगद म्हणाला. "तुमच्या ड्रॉवरमधी होत्या त्याच. त्या तुम्ही वतल्या, मपली गोळी तुटली, आन् मला ते झालं. ज्याच्यासाठी मी आठ महिने खाडे केले तेच झालं."

"काय पाहिजे तुला? पैसे? काम?" कारभारीचा आवाज फाटला. "तिला सांगू नको. पाया पडतो तुझ्या."

"वहिनींनी मला पाणी पाजलंय. त्यांना मी काय सांगत नाय. आन् गोळीचं म्हणाल तर ती तुमची हाय. सोमवारी दुपारी केंद्रात या, ताई स्वतः तपासतील, महिनाभरानं परत एकदा तपासतील, आन् चांगलं निघालं की तीन महिन्यांच्या डब्या एकदम देतील. तुम्हाला हेलपाटे मारायला लावले ते मी लावले. ते आता व्हायचं नाय." तो एक पाऊल जवळ गेला. "पण सोमवारी सकाळी, फस्ट शिफ्टच्या टायमाला, मी गेटवर येणार हाय. तुमचं नाव मी घेणार नाय. मी मपलं नाव घेणार हाय. तुम्ही तिथं उभं राहायचं."

"आन् मग?"

"मग काय ते सोमवारी."

मंजुषा चहा घेऊन आली. अंगदनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कारभारीनं कपाला हात लावला नाही. मधला रविवार अंगदनं मुद्दामच ठेवला होता. दोन रात्री या माणसाला अंथरूण टोचावं, एवढं त्याचं देणं होतंच.

केंद्रात जाऊन त्यानं योगिनीताईंना सगळं सांगितलं. बाक, हाका, तीन खोट्या ओळी. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त हात पुढं केला.

"रजिस्टर दे इकडं. तुझ्याशी झालं तसं तू दुसऱ्याशी केलंस, तेही आपल्या टेबलावर बसून. महिनाभर इथं यायचं नाही. पुढचं पुढं बघू."

म्हणून सोमवारी गेटवर जो गेला तो केंद्राचा अंगद नव्हता, नुसता अंगद होता. रात्रपाळी सुटत होती, सकाळची भरत होती. सत्तर-ऐंशी माणसं होती. जुने वीस-पंचवीस चेहरे त्यानं ओळखले. एकेकाळी त्याच्या शेजारी झोपणारा गोकुळही होता, त्याचं अंथरूण बाहेर टाकणारा. कारभारी हजेरीच्या टेबलापाशी उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"मी अंगद," तो मोठ्यानं म्हणाला. माणसं थांबली. "चार वर्षांमागं हितं मपल्या पिशवीतून गोळ्या निघाल्या. एड्सच्या म्हणून त्या ह्या गटारीत वतल्या. त्या एड्सच्या नव्हत्या. ते होऊ नये म्हणून मी त्या घेत होतो. मला पुरुष आवडतात. व्हय, ऐकून घ्या नीट. त्या वतल्या म्हणून मला एचआयव्ही झाला. आधी नव्हता. आता हाय."

कुणीतरी खाकरलं. मागं कुणी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आन् ज्यांनी वतल्या," अंगद कारभारीकडं वळला, "त्यांना त्या कशाच्या हायत ते त्या दिवशी चांगलं म्हाईत होतं."

एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. ते त्याच्या जिभेवर आहे हे कारभारीला दिसत होतं. सगळ्या माना टेबलाकडं वळल्या. अंगद काही बोलेना. त्यानं तो वेळ तसाच लांबू दिला. आयुष्यात इतकं गोड काही त्यानं चाखलं नव्हतं.

शेवटी गोकुळ म्हणाला, "शेठ, म्हाईत होतं का तुम्हाला?"

कारभारीनं ओठांवरून जीभ फिरवली. "व्हय," तो म्हणाला. "म्हाईत होतं."

"मग वतल्या कामून?"

"भ्यालो." तो एवढाच शब्द बोलला आणि खाली बघू लागला. कशाला भ्याला, हे त्या गर्दीत एकट्या अंगदला कळलं. तीच डबी दुसऱ्याच्या पिशवीतून सगळ्यांपुढं घरंगळत आपल्या बुटापाशी आली, आणि आपलंच पितळ उघडं पडल्यासारखं त्याला वाटलं. कळलं म्हणून अंगदचा राग कमी झाला नाही. उलट वाढला. स्वतःची भीती लपवायला यानं दुसऱ्याचा गळा धरला होता.

"अंगद, चुकलं मपलं," कारभारी म्हणाला. "माफ कर."

"माफी राहू द्या तुमच्यापाशीच. ह्यांना सांगा, उद्यापासून गेटवर कुणाच्या औषधाला हात लागायचा नाय. आन् तपासणीसाठी कुणी सुट्टी मागितली तर आईला आजारी पाडावं लागायचं नाय."

कारभारीनं ते सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण अंगद म्हणाला, मागच्यांना ऐकू गेलं नाय.

त्यानंतर काय झालं, तर बरंच काही झालं आणि फारसं काही झालं नाही. कारभारी ठेकेदारच राहिला. कुजबुज झाली, आणि ती त्याला जन्मभर पुरेल. पण किंमत अंगदलाही पडली. रांजणगावच्या चहावाल्यानं त्याला कागदी कपात चहा द्यायला सुरुवात केली, बाकीच्यांना काचेच्या ग्लासात. गावाकडं चुलत्यानं त्याचं नाव घेणं सोडलं. सुगंधाबाईनं मात्र फोन केला. म्हणाली, "ताट वेगळं करायला नको होतं मी."

आठ दिवसांनी गोकुळचा मेसेज आला, एका दोस्ताला त्या केंद्राचा पत्ता पाहिजे होता म्हणून. मग आणखी दोघांचा. अंगदनं योगिनीताईंना रांजणगावात संध्याकाळची वेळ ठेवायला सांगितलं, शिफ्ट सुटल्यावरची. त्यांनी महिनाभर त्याला टेबलावर बसू दिलं नाही, पण मंगळवार-शुक्रवार सहा ते नऊ एक खोली भाड्यानं घेतली. बिनकुलपाच्या पेटीवाल्यांसाठी तिथं एक कपाट ठेवलं. ज्याची गोळी त्यानं तिथंच ठेवायची, आठवडाभराची खिशात न्यायची. गळलेल्या अकराजणांपैकी पाच परत आले. सहाव्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला होता. तो आता अंगदबरोबर सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो.

महिना सरल्यावर अंगद उस्मानपुऱ्यात गेला तेव्हा झेरॉक्सच्या दुकानासमोर कारभारी गाडीत बसत होता. खंडानंतरच्या दुसऱ्या तपासणीचा दिवस होता. हातात औषधांची कागदी पिशवी होती, चांगली फुगलेली. तपासणी चांगली आली तरच ती पिशवी मिळते, हे अंगदला कुणी सांगायची गरज नव्हती. चाळीस दिवसांचा खंड पडूनही कारभारी सुटला होता. त्यानं अंगदला पाहून हात जोडले. अंगदनं जोडले नाहीत.

तो वर गेला. योगिनीताईंनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. कुणाचं नाव न घेता त्यांनी विचारलं, "बरं वाटलं का रे, एवढं सगळं करून?"

"गेटवर वाटलं होतं," अंगद म्हणाला. "लई बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?" तो खुर्चीवर बसला. "पण ताई, मपलापण रिपोर्ट तव्हा असाच चांगला आला असता ना, तर ह्यातलं काहीच लागलं नसतं."

मग त्यानं कपाटातून रांजणगावच्या डब्या मोजून पिशवीत भरल्या आणि साडेचारची बस धरायला निघाला.